आधी गाळणी, मग उजेड

श्रावण तायडे यांच्या घरी पाहुणा गेला, की ते 'या, बसा' म्हणण्याच्या आधी त्याच्या हातातली पाण्याची बाटली मागून घेतात. बाटली उन्हाकडे धरतात, पाणी हलवून पाहतात आणि विचारतात, "कुठं भरली?" पाहुणा मलकापूर म्हणाला, तर पुढचा प्रश्न येतो, "मलकापुरात कुठं? स्टेशनच्या नळावर, का कोनाच्या घरी?" उत्तर मिळाले की ते एका लांबट वहीत लिहून घेतात. मग ते पाणी चौपदरी फडक्यातून गाळले जाते आणि ओसरीत बसवलेल्या एका पोलादी नळीत सोडले जाते. नळीच्या आत निळसर दिवा जळत असतो. त्याच्याकडे पाहण्याची कोणालाही परवानगी नाही. दुसऱ्या टोकाने निघालेले पाणी अंगणातल्या लिंबाच्या आळ्यात ओतले, की श्रावणभाऊंचा चेहरा मोकळा होतो आणि ते म्हणतात, "हां, आता बसा. चहा घेता ना?"

एकदा त्यांच्या शेजारच्या मुलीला पाहायला मलकापूरची मंडळी आली होती. त्या घरात जागा अपुरी, म्हणून पाहुण्यांना श्रावणभाऊंच्या ओसरीवर बसवण्यात आले. भाऊंनी अकरा बाटल्या जमा केल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून आकडे घातले आणि एकेक बाटली दिव्यातून काढली. हे सर्व त्यांनी इतक्या गांभीर्याने केले, की मुलाच्या काकांना ही इकडची रीत वाटली. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, की आमच्याकडून बाटल्या कमी तर पडल्या नाहीत ना. सोयरीक जमली. पुढे मुलीकडची माणसे मलकापूरला गेली, तेव्हा मुलाची आई हळदीकुंकवाचे ताट घेऊन दारातच उभी होती; तिने प्रत्येकाची बाटली मागून घेतली आणि तिला कुंकू लावले. त्या दोन घरांत ती रीत आता रूढ झाली आहे, असे ऐकतो.

गाव श्रावणभाऊंना 'कप्तान' म्हणते. ते प्रत्येक वेळी न चिडता दुरुस्ती करतात. "कप्तान वरते राह्यते. मी खालते होतो. फिटर." आयटीआय करून ते मुंबईला गेले आणि एका मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत शिरले, ते जवळजवळ तीस वर्षांनी, सेवा संपवूनच बाहेर आले. शेवटची सहा-सात वर्षे त्यांच्याकडे एकच काम होते: जहाजाच्या पोटातले पाणी अतिनील दिव्यातून काढणे. सुरुवातीला मला याचा अर्थ कळत नव्हता. मी माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक, विज्ञान शिकवणारा. न कळलेले कबूल करण्याची सवय मला उशिरा लागली. शेवटी मी त्यांना शाळेतच बोलावले.

ते एक पाण्याचा टब आणि एक घागर घेऊन आले. रिकामी घागर टबात सोडली, ती आडवी झाली. तिच्यात थोडे पाणी भरून पुन्हा सोडली, ती उभी राहिली. "जहाजाचं बी असंच हाय," ते मुलांना म्हणाले. "माल उतरला का ते हलकं होते, डुलाले लागते. मंग त्याच्या पोटात समुद्राचं पाणी भरा लागते. त्याले बॅलास्ट म्हनते. आता हे पाणी भरलं एका देशात, अन् माल चढवाच्या वेळी सांडलं दुसऱ्या देशात. तर पाण्यासंगं कोन कोन आलं?"

कोणी म्हणाले मासे, कोणी म्हणाले खलाशी.

"बिनतिकिट्ये," भाऊ म्हणाले.

शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले, शेवाळाचे कण, खेकड्यांची अंडी, जंतू, असे ते बिनतिकिट्ये. नव्या किनाऱ्यावर त्यांना खाणारे कोणी नसते, म्हणून ते वाढत सुटतात आणि तिथल्या मूळच्या जिवांना जागा उरत नाही. भाऊंनी हे सांगितले, तेव्हा त्यांच्या आवाजात त्या जिवांविषयी राग नव्हता. "त्यांचा काही गुन्हा नाही. त्यांले कोनी इचारलंच नाही. पंपानं ओढलं, अंधारात ठेवलं, अन् भलतीकडंच सोडून देलं." आठवीतल्या एका मुलीने विचारले, "मंग त्यांले परत काऊन नाही पाठवत?" भाऊंनी घागर टबातून काढून खाली ठेवली. "त्यांचं गाव कोनतं, ते मांगून ओळखू येत नाही, बाई. म्हनून भरतानाच लिहून ठेवा लागते."

तो दिवा जीव मारतोच असे नाही. त्याचा उजेड जिवाच्या बीजालाच इजा करतो. जीव जगला तरी त्याची पुढची पिढी होत नाही. हे ऐकल्यापासून आमच्या केशकर्तनालयात त्या यंत्राला 'नसबंदीचा दिवा' हे नाव पडले. भाऊंना ते कळले आणि त्यांनी ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर असल्याचा निर्वाळा दिला.

गढूळ पाण्यात मात्र उजेड शिरत नाही. म्हणून 'आधी गाळणी, मग उजेड' हा त्यांचा मंत्र. आणि तो पाण्यापुरता राहिलेला नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवार मत मागायला आले, तर ते हेच वाक्य ऐकून परत जातात. मी एखाद्याविषयी कानावर आलेली गोष्ट सांगू लागलो, की ते शांतपणे विचारतात, "हे गाळलं का, सर?" बहुतेक वेळा ती गाळलेली नसते. मी विषय बदलतो.

दर रविवारी ते नळीतली काच काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुतात. काचेवर क्षारांचा पापुद्रा चढला, की दिवा जळतो पण उजेड पाण्यापर्यंत पोहोचत नाही, आणि आमच्याकडे क्षारांना तोटा नाही. आमचे गाव जळगाव जामोदच्या दक्षिणेला, पूर्णेच्या अंगाला आहे. हा सगळा खारपाणाचा पट्टा. विहिरीच्या पाण्याने डाळ शिजत नाही. "तीस वर्षं खाऱ्या पाण्यावर काढले," भाऊ म्हणतात, "घरी आलो तं घरी बी खारंच." गोडे पाणी म्हणजे गावतळे. ते गाळाने भरून गेले होते. गावाने दोन उन्हाळे खपून गाळ काढला. त्या दोन्ही उन्हाळ्यांत रोज सकाळी सर्वांत आधी टोपले घेऊन तळ्यात उतरलेला माणूस श्रावणभाऊ होते, आणि हे मी आदराने लिहितो, कारण मी स्वतः बहुधा छायाचित्राच्या वेळी पोहोचत असे. या वर्षी तळे काठोकाठ भरले.

आणि मग मला ती कल्पना सुचली.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात जलपूजन करायचे ठरत होते. मी सुचवले, की गावातल्या प्रत्येक सुनेने आपल्या माहेरचे पाणी कलशात आणावे आणि तळ्यात ओतावे. चाळीस गावांचे पाणी आमच्या तळ्यात एक होईल. कल्पना सर्वांना आवडली. मला तर इतकी आवडली, की मी त्याच दिवशी जळगाव जामोदला जाऊन पत्रके छापून आणली. 'माहेरचे पाणी' असे ठळक अक्षरांत शीर्षक, खाली नियम, त्याखाली संकल्पना म्हणून माझे नाव.

ग्रामपंचायतीच्या सभेत श्रावणभाऊ पत्रक हातात धरून उठले. ते सभेत फारसे बोलत नाहीत.

"सर, कल्पना लई गोड हाय," ते म्हणाले, "पन हे बॅलास्ट झालं. कोन्या गावच्या पाण्यात काय हाय, ते आपल्याले ठाऊक नाही. एकडाव आत गेलं का मंग बाहेर निघत नाही. हे एवढंच गोडं पाणी हाय आपल्याजवळ."

ते योग्य बोलत होते. ते मला त्या क्षणीही कळत होते, आणि तेच मला सहन झाले नाही. समोर माणसे बसली होती, पत्रकावर माझे नाव होते. मी हसून म्हणालो, "श्रावणभाऊ, गावाने शिवाशीव सोडली, आणि आता तुम्ही धरली काय?"

सभा हसली. मोठ्याने हसली.

श्रावणभाऊ बौद्ध आहेत. त्याच तळ्यावर त्यांच्या आजोबांच्या काळी त्यांच्या लोकांनी कुठे उतरायचे, याची जागा ठरलेली होती: खालच्या अंगाला, जिथे गुरे धुतली जात. ती जागा ठरवून देणारे घर आमचे होते. हे गावात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. बोललो तो मी, आणि विनोद म्हणून बोललो.

भाऊंनी पत्रकाची घडी केली, ती खिशात ठेवली, "चालू द्या," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

सभा संपल्यावर सरपंच मंदाताई माझ्यासोबत शाळेच्या फाटकापर्यंत चालत आल्या. त्या माझ्या विद्यार्थिनी. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "सर, तुमी मले शिकवलं म्हनून मी सभेत गप्प बसली. पन ते तुमाले शोभलं नाही." मी फाटकाची कडी काढू लागलो. त्या माघारी वळल्या.

पुढचे चार दिवस मी त्या वाक्याचा पुष्कळ विचार केला. आपल्या मनात तसे काही नाही, अशी माझी खात्री होती. आणि त्या खात्रीच्या आधारावरच मी ते बोलू शकलो. ज्याच्या मनात अजून तसे आहे, त्याची जीभ कदाचित अडखळली असती. मी स्वतःला इतका सुधारलेला समजत होतो, की दुसऱ्याच्या घरातल्या दुःखावर थट्टा करण्याची मला मुभा आहे असे वाटू लागले होते. पाचव्या दिवशी मी क्षमा मागण्याचे ठरवले. माझ्या स्वभावाप्रमाणे तीन-चार वाक्ये मनात नीट रचून घेतली आणि त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी बाटली मागितली नाही. ते ओसरीत उकिडवे बसून दोन नळ्या जोडत होते. मला पाहून म्हणाले, "बरं झालं आले, सर. हे टोक धरा."

मी टोक धरले. पहिले वाक्य उच्चारणार, तोच ते म्हणाले, "हलवू नका." थोड्या वेळाने मी पुन्हा सुरुवात केली. "थांबा, गळते का पाहू द्या." गळत होते. नळी उघडून रबराची चकती बदलावी लागली. मी दीड तास ते टोक धरून होतो आणि माझी वाक्ये जशीच्या तशी राहिली. मधून मधून ते समजावत होते: इथे फडके, इथे बारीक जाळी, मग दिवा, मग पाणी टाकीत थांबणार आणि तिथून निघताना पुन्हा एका दिव्यातून जाणार. "जहाजात बी दोनदा राह्यते. घेताना एकडाव, सोडताना एकडाव." मलकापूरच्या दुकानातून त्यांनी दिवे आणले होते.

म्हणजे कार्यक्रमाला तुमची हरकत नाही ना, असे मी विचारले.

त्यांनी पाना खाली ठेवला. "बायांच्या माहेरचं पाणी हाय, सर. त्याले नाही कसं म्हनाव? जहाज आलं तं कोनी त्याले माघारी लावत नाही. पाणी साफ करते."

जलपूजनाच्या दिवशी भाऊ निळ्या रंगाचा, इस्त्री केलेला इंजिनखोलीतला बॉयलरसूट घालून तळ्याच्या वरच्या अंगाला, पायऱ्यांशी टेबल मांडून बसले. शेजारी यंत्र, पुढ्यात वही. शाळेच्या भिंतीपासून टेबलापर्यंत सुनांची रांग. माझ्याकडे माईक होता: भाऊ वहीत लिहितील ते नाव आणि माहेर मी जाहीर करायचे, दिव्यातून निघालेले पाणी कलशात परत मिळाले की सुनेने पायऱ्या उतरून ते ओतायचे.

पहिलीच बाई म्हणाली, "राजूची बायको."

भाऊंनी पेन खाली ठेवले. "ते तुमच्या नवऱ्याचं नाव झालं. पाणी कोनाच्या माहेरचं हाय?"

"माह्या."

"मंग तुमचं सांगा. पूर्ण."

तिने लाजत सांगितले, माहेरच्या आडनावासकट. मी ते माईकवर म्हटले आणि रांगेत एकदम कुजबुज पसरली. मागच्या बाया आपापली नावे जुळवू लागल्या. सत्तरीच्या एका आजींना माहेरचे आडनाव चटकन आठवेना. रांगेतल्या तिघी मदतीला धावल्या, तिघींनी तीन वेगळी आडनावे सुचवली, आजी सर्वांवर रागावल्या आणि चौथेच सांगून मोकळ्या झाल्या. भाऊ तोवर पेन उचलून शांत बसून राहिले. घाई त्यांनी कोणालाही केली नाही. नदीचं का विहिरीचं? कवा भरलं? कशात भरलं? प्रत्येकीला हे विचारले, आणि प्रत्येकीने माहेरच्या विहिरीचे असे वर्णन केले, की रांग तासाभराने लांबली. एक म्हणाली, "एवढं तं माह्या सासूनंबी कधी इचारलं नाही." सासू तिच्या मागेच उभी होती.

मध्येच वीज गेली. भाऊंनी त्याच क्षणी कॉक फिरवला. "उजेड गेला, पाणी बंद." रांगेतून कुरकुर आली, एकदोघांनी सुचवले की आता पाच-दहा कलश तसेच जाऊ द्यावेत, काय होते. भाऊ कॉकवर हात ठेवून बसले. वीज आल्यावरही दिवा पूर्ण पेटेपर्यंत त्यांनी थेंब सोडला नाही.

मग कविता आली. तापीकाठचे तिचे माहेर. गेल्याच वर्षी आमच्या गावात लग्न होऊन आलेली मुलगी. तिचा कलश पाहून रांगेतल्या बाया मागे सरकून तिला वाट देऊ लागल्या. इतरांनी आंब्याची पाने लावली होती. तिने माहेरच्या डोहातून फुललेले झुडूपच आणून कलशात बसवले होते. जाड, चकचकीत पाने, त्यांवर फिक्या जांभळ्या फुलांचा तुरा. मी माईकवरून म्हणालो, "किती सुंदर कलश आहे पाहा. सर्वांनी टाळ्या वाजवाव्यात." टाळ्या वाजल्या.

श्रावणभाऊ उभे राहिले होते. त्यांनी तो कलश दोन्ही हातांनी घेतला, झुडूप अलगद वर उचलले. खाली काळ्या केसाळ मुळांचा झुपका लोंबत होता.

"हे जलपर्णी हाय, सर," ते फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले.

जलपर्णी मी पुस्तकातून दर वर्षी शिकवतो. एक रोप तळ्यात पडले, की काही महिन्यांत तळे हिरव्या गालिच्याखाली जाते. खाली ऊन नाही, हवा नाही, मासा नाही. ते मी ओळखले नव्हते. मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. दोन उन्हाळे गावाने उपसलेले तळे मी माझ्या सुंदर कल्पनेसाठी एका दुपारी गमावले असते, आणि ते अडवणाऱ्या माणसाचे मी सभेत हसे केले होते.

कविता रडकुंडीला आली. काही चुकलं का, असे तिने विचारले. भाऊंनी तिच्यावर ओरडण्याऐवजी खिशातून कात्री काढली, फुलांचा तुरा देठापासून कापला आणि तो तिच्या हातात दिला. "हे फूल केसात घाल, बाई. तुह्या माहेरचं हाय, लई देखनं हाय. फक्त घरी गेली का पाण्यापासून लांब सुकव, अन् मंग चुलीत टाक." मुळे आणि पाने त्यांनी झाकणाच्या डब्यात बंद केली. मग पेन उचलले. "हां. नाव सांग. पूर्ण."

दुपार उतरली तेव्हा रांग संपत आली. गावी नसलेल्या काही सुनांचे कलश त्यांच्या दिरांनी ओतले. पत्रकात तसे एक कलम मी मुद्दाम घातले होते: सून हजर नसल्यास तिच्या वतीने दिराने कलश ओतावा, नवऱ्याने ओतू नये. नवऱ्यांना मोकळीक दिली असती, तर सगळा कार्यक्रम त्यांच्याच छायाचित्रांचा झाला असता.

शेवटचा कलश गेला. मंदाताई आणि बाया प्रसादाकडे वळल्या. भाऊ दिवे बंद करतील म्हणून मी वायर गुंडाळायला पुढे झालो. त्यांनी हाताने थांबवले आणि टेबलाखालून एक पितळी कलश काढला. तोंडाला पांढरे फडके घट्ट बांधलेले होते.

"एक राह्यला, सर. माह्या घरचा."

त्यांची पत्नी वारली तेव्हा त्यांचे जहाज दोन बंदरांच्या मध्ये होते. ते गावी पोहोचले, तोवर मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला होता. हे मला ठाऊक होते; मी तेव्हा त्यांना भेटायला गेलो होतो आणि ओसरीवर दहा मिनिटे बसून आलो होतो. दोन दिवसांपूर्वी ते एसटीने तिच्या माहेरी, देऊळघाटला जाऊन आले, असे त्यांनी आता सांगितले. तिच्या भावाच्या घरामागे विहीर आहे. तिथून पाणी भरले.

"तुमच्या पत्रकात लिहेल हाय, नवऱ्यानं ओताचं नाही," ते म्हणाले. "मले भाऊ नाही. तुमी होता का तिचे दीर?"

मी होकारार्थी मान हलवली. मग म्हणालो, "श्रावणभाऊ, त्या दिवशी सभेत मी जे बोललो—"

"दिवा जळून राह्यला, सर. या पुढं."

मी टेबलासमोर, दिवसभर सुना जिथे उभ्या राहिल्या होत्या तिथे, उभा राहिलो. ते खुर्चीत बसले. वही उघडली, पेन उचलले आणि दिवसभर प्रत्येकीला विचारले तसेच विचारले, "नाव?"

मला ते माहीत नव्हते.

त्यांचे घर माझ्या शाळेच्या मागच्या गल्लीत आहे. ती बाई वीसेक वर्षे रोज फाटकावरून जात-येत होती. भाऊ जहाजावर असताना त्यांची पत्रे शाळेच्या पत्त्यावर येत आणि ती घ्यायला ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राही. मी शिपायाला सांगत असे, श्रावणच्या घरचे आले आहेत, पत्र दे. तिचे नाव मी कधी विचारले नव्हते. ते मला लागलेच नव्हते.

भाऊ पेन उचलून थांबले होते. आजींसाठी थांबले होते, तसेच. घाई न करता.

"मला माहीत नाही, श्रावणभाऊ," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "वच्छला," ते म्हणाले. "वच्छला किसन इंगळे. देऊळघाट. विहिरीचं. परवा सकाळी भरलं." सांगत सांगत त्यांनीच ते लिहून घेतले. मग उठून फडके सोडले, पाणी गाळले, पहिल्या दिव्यातून सोडले, टाकीत थांबवले, दुसऱ्या दिव्यातून काढले. कलश पुसून माझ्या हातात दिला.

मी माईकवर नाव घेतले. वच्छला किसन इंगळे, माहेर देऊळघाट. प्रसादाच्या रांगेतल्या काही बायांनी वळून पाहिले. मी पायऱ्या उतरून पाणी ओतले आणि वर आलो.

भाऊ खुर्चीत बसले होते. वही उघडी होती, पेन तिच्यावर आडवे पडले होते. ते तळ्याकडे पाहत होते. कर्णा त्यांच्या डोक्यावरच्या खांबाला बांधलेला होता आणि त्याचा आवाज शिवेपर्यंत जात होता.

"नीट ऐकू नाही आलं, सर," ते म्हणाले. "अजून एकडाव घ्या ना नाव."

मी माईकजवळ गेलो आणि पुन्हा नाव घेतले.